मामाच्या आहेराचा फोटो

पहिला तडाखा बसला तेव्हा माझा डोळा कॅमेऱ्यालाच होता. कॅमेऱ्याची कड भुवईत घुसली आणि समोरचं स्टेज लाल दिसायला लागलं. आधी वाटलं, कुणी लाइट बदलला. मग रक्त ओठावर आलं, तेव्हा कळलं.

पण सुरुवात दुकानापासून करायला हवी. चूक तिथंच झाली असं सगळे म्हणतात. मी म्हणत नाही.

चिखलीत अर्जुनरावकाकांचा फोटो स्टुडिओ आहे. वर्षभर मी त्यांच्यासोबत लग्नं फिरले आणि मग स्वतःचा कॅमेरा घ्यायचं ठरवलं. काकांना घेऊन बुलढाण्याला गेले. दुकानदारानं काचेवर दोन कॅमेरे ठेवले. एक काकांकडे आहे तसाच, आत आरसा असलेला, विटेसारखा जड. दुसरा मिररलेस, म्हणजे बिनआरशाचा. त्याला डोळा लावला की फोटो कसा येणार ते काढायच्या आधीच दिसतं, माणसाच्या डोळ्यावर फोकस आपोआप बसतो, आणि आवाज पार बंद करता येतो. मी दुकानदाराचे दहा फोटो काढले, त्याला पत्ताच नाही. मी तर खुळीच झाले.

"आवाज बंद नको ठेवू," काका म्हणाले. "न् फ्लॅश घे. लग्नात लोकायले खटक् ऐकू यायले पायजे."

"काका, फोटो काय कानानं पाहतात?"

काकांनी काचेवरचा जड कॅमेरा उचलून उलटसुलट पाहिला. मला वाटलं, हरले. फ्लॅशऐवजी मी कमी उजेडात चालणारी लेन्स घेतली आणि घरी येताना जीपमध्ये कॅमेरा मांडीवरून खाली ठेवला नाही.

आमच्याकडे आहेर देणारा माणूस स्टेजवर साडी नाहीतर पाकीट धरून थांबतो. फ्लॅश चमकला, खटक् झालं, की मगच हात सोडतो. फोटो निघाला नाही तर आहेर पोचला नाही, इतकं सरळ आहे. हे मी शंभर वेळा पाहिलं होतं. पाहूनही माझ्या टाळक्यात शिरलं नाही.

माझं पहिलं काम म्हणजे उंद्रीला प्राचीचं लग्न. लाइट सांभाळायला काका सोबत आले होते. प्राची माझी शाळेपासूनची मैत्रीण. हळदीच्या दिवशी तिनं पिवळ्या हातानं माझा हात धरला.

"डिंपल, शेखरमामा येऊन राह्यला. अकरा वर्षांनी. त्याचं न् आईचं बोलणंच नव्हतं. बाकी सगळं हुकलं तरी चालन, पण त्या दोघांचा एक फोटो मले पायजेच."

लग्न लागलं, आहेर सुरू झाले आणि सगळ्यात आधी शेखरमामा साडी घेऊन स्टेजवर चढला. आडदांड माणूस, पण बहिणीसमोर साडी दोन्ही हातांत धरून शाळेतल्या पोरासारखा उभा राहिला. गोजरबाईंनी, म्हणजे प्राचीच्या आईनं, हात पुढं केला. मी सात-आठ फोटो काढले. एका फोटोत त्यांचा हात साडीवर नव्हता, भावाच्या मनगटावर होता. इतका चांगला फोटो मी कधीच काढला नव्हता. मला रडू आलं होतं, खरं सांगते.

मामा माझ्याकडे पाहत थांबला. मी काढतच होते. मागची रांग खोळंबली. "चला न भाऊ, पुढं व्हा," कुणीतरी म्हणालं, कुणीतरी हसलं. मामाचा चेहरा बदलला आणि फ्रेममध्ये मोठा मोठा होत गेला. मला वाटलं, आता जवळून मस्त येईल.

तेव्हा तो तडाखा बसला.

"माहा फोटो काऊन नाई काढला वो?"

"काढला, मामा! बघा तर खरं..."

"आवाज कुठं आला? कोनं सांगतलं तुले, याचा काढू नको म्हणून? माह्या बहिणीनंच सांगतलं ना?"

त्यानं माझे केस धरून मला पायऱ्यांवरून खाली ओढलं. कॅमेरा स्टेजवर आपटला, लेन्स फुटली. त्याच्यासोबत आलेल्या दोघांनी लाथा घातल्या. एक बरगडीत बसली, एक तोंडावर. मी ओरडत होते, काढला, काढला, पण बँडवाले थांबले नव्हते.

काका लाइटचा लोखंडी स्टँड हातात घेऊनच धावत आले. "पोरीले काऊन मारता बे! फोटो हाय!"

मामानं तोच स्टँड हिसकावला आणि त्यांच्या डोक्यावर उगारला. काकांनी उजवा हात आडवा धरला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. मामानं पुन्हा मारलं. पुन्हा मारलं. मी त्याच्या मनगटाला दात लावले आणि तोंडात मांस आलं तरी सोडलं नाही. गोजरबाई नवी साडी भावाच्या अंगावर फेकून किंचाळत होत्या, "चालता हो! मेला तू माह्यासाठी!"

तिसऱ्या दिवशी मामा दवाखान्यात आला. मनगटाला पट्टी, दाढी वाढलेली. काका पलंगावर होते. उजव्या हाताची दोन बोटं आता वाकणार नाहीत, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते. त्यातलं एक कॅमेऱ्याचं बटण दाबायचं.

"माही चूक झाली," मामा माझ्याकडे न बघता म्हणाला. "फोटो हाय म्हणते लोक. ताई आता माह्यं तोंड पाहत नाई. तेवढा दे वो बाई मले."

मी कॅमेरा चालू केला. स्क्रीनला तडा गेला होता, पण फोटो दिसत होता. मामानं फोटोतल्या बहिणीच्या हातावर बोट टेकवलं आणि तिथंच, माझ्या खुर्चीपाशी, खाली बसून रडायला लागला.

"देऊन टाक, डिंपल," काका म्हणाले. "फोटो त्याचा हाय. काढणाऱ्याचा नसते."

मी काकांचं प्लास्टर पाहिलं. कॅमेऱ्यातून मेमरी कार्ड काढलं, मामाच्या डोळ्यांसमोर धरलं आणि दोन अंगठ्यांनी दाबलं.

"नको!" काका ओरडले.

खटक् झालं. खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं.

मामानं ते दोन तुकडे फरशीवरून उचलून एकमेकांना लावून पाहिले. प्राचीची हळद, सप्तपदी, तिच्या आईचं हसणं, सगळं त्याच कार्डात होतं. दुसरीकडे कुठंच नव्हतं. हे मला मोडल्यावर आठवलं.