जांभईची शाळा

माझ्या धाकट्या बहिणीने शाळा काढली ती तिच्या लेकीच्या एका जांभईवरून. भूमितीच्या तासाला पोरीने आ वासला. सरांनी तिला वर्गाबाहेर उभं केलं आणि वर बहिणीला बोलावून सुनावलं, "मुलीला वळण नाही."

दुसरी आई असती तर पोरीवर डाफरली असती. आमच्या बाईसाहेब म्हणाल्या, "जांभई तिची, पण शिकवत तुम्ही होतात ना?" आणि दप्तर उचलून, लेकीला घेऊन चालू लागल्या.

आम्हा दोघींचं पार्लर आहे. त्याच्या मागच्या खोलीत शाळा भरली. नियम एकच: मुलाने जांभई दिली की शिकवणाऱ्याने तिथल्या तिथे थांबायचं, मग वाक्य अर्धं का राहीना! केस कापून घ्यायला येणाऱ्या बायका कान टवकारून ऐकायच्या आणि दुसऱ्या दिवशी आपली कार्टी आणून सोडायच्या, माझ्या डोक्यावर मिरे वाटायला. मग शिंपी मापं शिकवू लागला, बेकरीवाली अपूर्णांक. बघता बघता शेजारच्या गावांतही जांभईच्या शाळा निघाल्या. मीही एकदा केसांच्या रंगांवर बोलायला उभी राहिले. पहिल्याच वाक्याला तिघांनी जांभया दिल्या. असो.

एवढा बोभाटा झाल्यावर शिक्षणखात्याचे साहेब येणारच. त्यांना पटलं तर परवानगी, नाहीतर कुलूप. बहिणीने चक्क भाषण पाठ केलं. घोकंपट्टीला हाकलून देणारी हीच ती!

साहेब खुर्चीवर बसले, मुलं सतरंजीवर. भाषण म्हणजे नमनालाच घडाभर तेल. माझं लक्ष पहिल्या रांगेतल्या भाचीकडे गेलं. नाकपुड्या फुगलेल्या, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. आईसाठी पोरगी जांभई गिळत होती.

बहिणीनेही पाहिलं, आणि अर्ध्या वाक्यात थांबली.

"साहेब, माझं झालं."

"अहो, पण मुद्दा राहिला ना!"

"जुन्या शाळेत ती एक जांभई सोडली तर ही अशीच तोंड मिटून बसायची. इथेही तेच करायला लागली, तर तुमची परवानगी घेऊन मी करू काय?"

चांगली चाललेली शाळा ही बया स्वतःच्या हाताने बुडवत होती. तिचा राग आला, आणि रडूही आलं.

भाचीने आईकडे पाहिलं. मग दाढा दिसतील अशी मोठ्ठी जांभई दिली. साहेब तिच्याकडे बघत होते. त्यांचा जबडा हलला, हात तोंडाकडे गेला, अर्ध्यावर थांबला आणि खाली आला. खुर्ची करकरेपर्यंत त्यांनी जांभई दिली.

"नोकरीला लागल्यापासून सभेत पहिल्यांदाच," डोळे पुसत ते म्हणाले, आणि सही करायला पेन मागितलं.

आभार मानायचं काम माझ्याकडे होतं. मी उठले, घसा खाकरला, आणि साहेबांसकट सगळ्यांनी आ वासला.