चार दशांश स्थळे

निवेदितानं लाल पेनाचं टोपण काढलं आणि तक्त्यातल्या २.३६३६ या आकड्यातले शेवटचे तीन अंक एका रेघेत खोडले. खालच्या ओळीतलेही खोडले. रेघ सरळ होती, पण कागद दोन ठिकाणी फाटला.

"दशांश का खोडले?" भालचंद्र सरांनी विचारलं. ते समाजशास्त्राचे प्रमुख आणि मयुरीच्या पीएच.डी.चे मार्गदर्शक.

"अकरा बायका. प्रत्येकीनं एक ते पाचमधला एक आकडा सांगायचा. यात चार दशांश स्थळं कुठून आली?"

"सॉफ्टवेअरनं दिली."

"माझ्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यानं फूटपट्टीनं मोजून असं उत्तर लिहिलं तर मी त्याचे मार्क कापते."

मोजलं गेलं होतं ते दुःख. मयुरी चार वर्षं उंद्री या गावी जात होती. तिकडच्या बायका मयताला नुसत्या रडत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर लावून, गेलेल्या माणसानं काय काय केलं ते सांगत रडतात. ते शब्द तिनं उतरवून घेतले होते. कुणाचा मुलगा आईच्या ताटातलं वांगं पळवायचा, कुणाची सून रॉकेलच्या उजेडात मशीन चालवायची. तीनशे पानं झाली. सरांनी पहिल्या पानावर आडवं लिहिलं, 'या कथा आहेत, संशोधन नव्हे', आणि प्रत परत केली. मग मयुरी एक फॉर्म घेऊन पुन्हा उंद्रीला गेली. तुमचे दुःख एक ते पाच यांपैकी किती, असा त्यात प्रश्न होता. त्यातून निष्कर्ष निघाला, आणि तो आता निवेदितासमोर ठळक अक्षरांत होता: ज्यांच्या घरी अलीकडे मृत्यू झाला त्या स्त्रियांची शोकतीव्रता सर्वांत कमी, सबब रुदन हे मुख्यतः सामाजिक प्रदर्शन होय.

खाली एक प्रमाणपत्र जोडलेलं होतं. 'पद्धत शास्त्रीय आहे.' त्यावर विज्ञान शाखेच्या प्राध्यापकाची सही लागे. सही असली की प्रबंध विद्यापीठात जायचा, मग मार्गदर्शकालाही तो अडवता येत नसे. मयुरीची मुदत मंगळवारी संपत होती.

मराठीचा गंधार टेबलाच्या टोकाला बसून चहात बिस्किट बुडवत होता. त्यानं अभंगांतले 'दुःख' आणि 'सुख' हे शब्द मोजून पेपर छापला होता. इतिहासवाल्यांनी दुष्काळाचे आलेख काढले होते, त्यात एकाही मेलेल्या माणसाचं नाव नव्हतं. तत्त्वज्ञान विषय दोन वर्षांपूर्वी बंद झाला. त्या खोलीत आता संगणक होते. हे सगळं भौतिकशास्त्राचं नाव घेऊन चाललं होतं, आणि निवेदिता भौतिकशास्त्र शिकवत होती. आपल्या घराण्याचं आडनाव लावून कुणी बाजारात खोटी वजनं वापरावीत, तसं तिला वाटे.

"मॅडम, करून टाका," गंधार म्हणाला. "तुम्ही आमच्यापेक्षा कडक. मी तर म्हणतो, मयतालाच व्हर्निअर कॅलिपर घेऊन जावं."

निवेदितानं प्रबंध मिटला.

"मी सही करणार नाही. हा निष्कर्ष खोटा आहे."

भालचंद्र सर खुर्चीत मागे टेकले. त्यांचा आवाज शांतच होता. विज्ञानाच्या बाईनं विज्ञान नाकारावं याचं नवल वाटत नाही, असं ते म्हणाले. श्रद्धा मध्ये आली की असंच होतं.

"रविवारी चर्चमध्ये तुम्ही भाकरीला देव म्हणता, मॅडम. आणि सोमवारी आमच्या आकड्यांना नावं ठेवता."

"म्हणते," निवेदिता म्हणाली. "आणि भाकरी तराजूत घातली तर भाकरीइतकीच भरेल, हेही मला ठाऊक आहे. तुम्हांला मात्र तराजूत न मावणारं काहीच दिसत नाही. हे मी कॅथलिक आहे म्हणून म्हणत नाही, सर. तुम्ही तराजू नीट शिकला नाहीत म्हणून म्हणते."

तिनं पेनाचं टोपण लावलं. प्रबंध उचलून ती बाहेर आली.

व्हरांड्यात मयुरी उभी होती. देऊळघाटची मुलगी, कॉलेजात प्रमाण मराठी बोलायची. आता तिला ते जमलं नाही.

"मॅडम, सही नायी झाली तं माहे चार वर्सं गेले."

निवेदितानं तिला एकच विचारलं, फॉर्म कसे भरले? मयुरीनं सांगितलं. मनकर्णाबाईंच्या ओसरीत सगळ्या बसल्या होत्या. मनकर्णाबाईंचा एकुलता मुलगा तीन महिन्यांपूर्वी गेला होता. पण शेजारी सोजराबाई होती, आणि तिचे दोन गेलेले. मनकर्णाबाई म्हणाल्या, हिच्यापुढं म्या कसं मोठं म्हनू, एक लिव्ह. सोजराबाई म्हणाली, हिचं दुःख वलं हाये, माह्यं जुनं झालं, मले दोन. मग प्रत्येकीनं पलीकडच्या बाईकडे पाहून आपला आकडा खाली आणला. ज्या बाईचा घाव जितका ताजा, तिच्या तोंडी तितका लहान आकडा.

निवेदितानं तक्त्याचं पान पुन्हा काढलं.

"मोजणीच चुकलीय," ती म्हणाली. "पुन्हा घेऊ. एकेकीला वेगळं विचारून. खरे आकडे आले की मी ते सरांच्याच तोंडावर मारते."

रविवारी चर्चमधली मिस्सा आटोपून ती तशीच बसनं उंद्रीला गेली. मयुरीजवळ दोन्ही प्रती होत्या, पहिली आणि तक्त्यांची, आणि कोरे फॉर्म. मनकर्णाबाई आतल्या खोलीत तूर निवडत होत्या. सोजराबाई नेहमीप्रमाणे उंबऱ्याशी टेकली होती. निवेदितानं तिला नम्रपणे बाहेर बसायला सांगितलं आणि स्वतः दाराला कडी घातली. पंखाही बंद केला. प्रयोगाच्या खोलीत ती असंच करी.

"आता कोनी नायी इथं, मावशी," मयुरी म्हणाली. "खरं सांगा. एक ते पाच."

मनकर्णाबाईंनी फॉर्मकडे पाहिलं नाही. त्यांनी निवेदिताकडे पाहिलं, तिच्या गळ्यातल्या लहान क्रुसाकडे, मग चेहऱ्याकडे.

"मॅडम, तुमचं कोन गेलं?"

कॉलेजात अकरा वर्षांत हे कुणी विचारलं नव्हतं.

"मुलगी. नऊ दिवसांची होती."

मनकर्णाबाईंनी सूप बाजूला सारलं आणि मयुरीला म्हणाल्या, "माह्यं एकच राहू दे, पोरी. माह्यं लेकरू तीस वर्सं माह्या हातचं जेवलं."

निवेदितानं दाराच्या कडीकडे पाहिलं. मग फॉर्मकडे. तो तिनंच तयार केला होता; सरांच्या फॉर्मपेक्षा पुष्कळ चांगला होता.

"नाव ठेवलंतं?" मनकर्णाबाईंनी विचारलं.

"क्लारा." ते तिनं स्वतःच ठेवलं होतं. फादर यायला वेळ नव्हता, म्हणून दवाखान्यात स्टीलच्या पेल्यानं बाळाच्या कपाळावर तीनदा पाणी घालून तिनंच बाप्तिस्मा दिला होता. नर्सनं त्या वेळी यंत्रावरचे आकडे लिहून घेतले. ते बरोबर होते.

"काय करे ते?"

एवढ्याशा जिवानं काय केलं असेल, असं मनकर्णाबाईंच्या तोंडावर नव्हतं. त्यांना उत्तर हवं होतं. त्याशिवाय रडायचं कशावर?

"बोट धरायची," निवेदिता म्हणाली. "माझी करंगळी. सोडायची नाही."

मनकर्णाबाई उठल्या, निवेदिताच्या गळ्यात पडल्या आणि सूर लावला. माह्या क्लारा व माय, तुह्या मायची करंगळी कोनं सोडवली व. दाराबाहेरून सोजराबाईचा सूर येऊन मिळाला. तिला नाव नीट कळलं नव्हतं, तरी ती रडत होती. निवेदिताला सूर येत नव्हता. तिनं नुसतं तोंड उघडलं.

पुष्कळ वेळानं तिनं पदरानं चेहरा पुसला, कडी काढली आणि मयुरीकडून प्रबंधाची पहिली प्रत मागून घेतली. 'या कथा आहेत' असं लिहिलेलं पान उलटलं. तक्त्यांच्या प्रतीतलं प्रमाणपत्र काढून त्यात ठेवलं. 'पद्धत शास्त्रीय आहे' यातला 'शास्त्रीय' तिनं खोडला आणि वर 'योग्य' लिहिलं. राग गेला नव्हता. पेन पुन्हा कागदात रुतत होतं.

"मॅडम," मयुरी हळूच म्हणाली. तिच्या वहीत नुकत्याच लिहिलेल्या चार ओळी होत्या. "हे मी घालू? बारावी बाई म्हणून?"

"घाल. नावासकट."

"मग सर म्हणतील, तुम्ही तटस्थ नाही."

"नाहीच," निवेदिता म्हणाली, सही केली आणि खाली तारीख घातली.