निवेदिताला पुण्याला पाठवणारी ओळ

बोलतेय ती मी, ग्वाल्हेरच्या दर्पण कॉलनीतल्या शामलाबाईंची दवाखान्याची फाइल. माझ्यामुळे एक चूक घडली, ती सांगायची आहे.

मी दोन हजार तीन साली उघडली गेले. शामलाबाई तेव्हा छत्तीस वर्षांच्या, मुलगी निवेदिता नऊची. स्तनाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी माझ्या पहिल्याच पानावर लिहिलं, 'पाच वर्षं जगण्याची शक्यता कमी.' त्यांच्या यजमानांनी, नानांनी, मला गाद्यांखाली लपवलं. शामलाबाईंनी शोधून काढलंच.

त्या रडल्या नाहीत. "पोरीनं मला झिजताना बघायचं नाही," एवढंच म्हणाल्या. महिन्याभरात नानांची बहीण सुमनताई पुण्याहून आल्या आणि निवेदिताला घेऊन गेल्या. आजाराचं तिला कोणीच सांगितलं नाही. स्टेशनवरून परतल्यावर शामलाबाई तिच्या फ्रॉकांच्या घड्या मोडून पुन्हा पुन्हा घालत बसल्या.

पण शामलाबाई गेल्या नाहीत. दरवर्षी तपासणी व्हायची, माझ्यात एक पान वाढायचं, 'रोग आढळत नाही.' नाना म्हणायचे, आता पोरीला बोलावून घेऊ. त्या म्हणायच्या, अजून एक साल जाऊ दे. मग मला उघडून पहिलंच पान वाचायच्या. पुढची पानं त्यांनी कधी उलटलीच नाहीत आणि मीही तेच पान दाखवत राहिले. निवेदिता सुट्टीत यायची, पाहुण्यासारखी. हळूहळू ती सुमनताईंना आई म्हणू लागली.

गेल्या वर्षी डॉक्टर सीमंतिनी घरी आल्या. या आजारानंतर वीस वर्षांहून जास्त जगलेल्या बायकांचा अभ्यास त्या करत होत्या. ग्वाल्हेरातच अशा बऱ्याच जणी त्यांना भेटल्या होत्या. मला शेवटपर्यंत वाचणाऱ्या त्याच पहिल्या. वाचून झाल्यावर त्यांनी समजावलं, की ती ओळ म्हणजे पुष्कळ बायकांवरून बांधलेला अंदाज होता. एकट्या शामलाबाईंचं पुढे काय होणार, हे त्यात नव्हतं.

"म्हणजे पोरीला मी उगाच दूर केलं," शामलाबाई म्हणाल्या.

सीमंतिनींनी मला मिटून बाजूला ठेवलं. "तेव्हा तुम्हाला हे सांगणारं कोणी नव्हतं. आज जिला हा आजार झाल्याचं कळेल, तिला तुमच्याबद्दल सांगता येईल. त्यासाठीच आलेय मी."

त्याच दुपारी शामलाबाईंनी पुण्याला फोन लावून सगळं सांगितलं. निवेदिता आली ती दोन महिन्यांनी. तिनं मला वाचून खाली ठेवलं. "मला वाटायचं, मी हट्ट करायचे म्हणून पाठवलंस," ती म्हणाली. मला तर तोंड लपवायलाही जागा नव्हती.

ती वर्षं मला भरून देता येणार नाहीत. तुमच्या घरी माझ्यासारखी फाइल असेल, तर भीतीपोटी कोणाला दूर करू नका. डॉक्टरांना आधी चार प्रश्न विचारा.

यंदाच्या तपासणीला निवेदिता मला हातात घेऊन आली. नर्सनं विचारलं, पेशंटसोबत कोण आहे? नाना बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "मी. मुलगी."

नर्सनं तसं माझ्यात लिहून घेतलं.