कंबर दोनदा आत घेतलेला कोट

मास्तरांना दुखणी दोन आणि डॉक्टरही दोन. पण एकाचा दुसऱ्याला पत्ता लागू नये म्हणून ते अशी काळजी घेत, जणू दोन संसार थाटले होते!

हाताची बोटं सुजायची म्हणून एक डॉक्टर, पायाचा अंगठा ठणकायचा म्हणून दुसरा. पहिल्याकडे जाताना सुजलेला पाय बुटात कोंबायचा. दुसऱ्याकडे हात खिशात, भर उन्हाळ्यात ‘थंडी वाजतेय’ म्हणून.

“अहो, सांगून टाका ना एकदाचं,” बायको म्हणायची.

“वेडी आहेस का? आपलं गिऱ्हाईक दुसऱ्या शिंप्याकडे गेलं तर मला कसं वाटतं? डॉक्टरला मन नसतं?”

मास्तर शिंपी होते आणि या बाबतीत भलतेच हळवे. दुसऱ्याची शिवण दिसली, की “मग तिकडेच जा!” म्हणून तोंड फिरवायचे. पण हल्ली पोटात आग पडे, चक्कर येई, आणि कात्री धरवत नसे. कात्री सुटली तर दुकान सुटलंच, या धास्तीने त्यांची झोप उडाली होती.

एके सकाळी शेजारच्या ऑफिसातला कारकून आला. अंगात कोट, चेहरा लालबुंद.

“मास्तर, श्वास घेता येत नाहीये!”

“मापाप्रमाणे दोन बोटं कंबर आत घेतलीय मी!”

कारकून चाचरला. “माप तुम्ही घेतलंत, पण मला घाई होती. मधे दुसऱ्या शिंप्याकडून कंबर आत घेतली. ती वाकडी झाली म्हणून कोट गुपचूप तुमच्याकडे दिला.”

“अरे भल्या माणसा! चक्करीच्या नादात मला ती शिवण दिसलीच नाही. सांगितलं का नाहीस?”

“तुम्ही रागावता ना!”

बायको आतून बाहेर आली. “अहो, त्यांच्या कोटाची शिवण उसवता येईल. तुमच्या पोटात दोन डॉक्टरांच्या गोळ्या जातात, त्या कशा उसवणार?”

बायकोने दोन्हीकडच्या गोळ्या पिशवीत टाकल्या आणि मास्तरांना हाताच्या डॉक्टरांपुढे नेऊन बसवलं.

“अहो, नावं दोन, पण वेदनाशामक एकच!” डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. “दुप्पट खाताय! पोट जळेल नाही तर काय? बूट काढा आधी.”

अंगठा पाहून ते पुढे वाकले. “बोटांना आमवात आणि इथे युरिक ॲसिडचा गाऊट? दोन्ही एकाच माणसात फार क्वचित सापडतात!” त्यांनी लगेच पायाच्या डॉक्टरांना फोन लावला. दोघं इतक्या उत्साहाने बोलू लागले, की मास्तरांना आपण आजारी आहोत की सत्कारमूर्ती, तेच कळेना.

“रागावला नाहीत ना?” त्यांनी भीत भीत विचारलं.

“दुसऱ्याकडे गेलात म्हणून नाही. लपवलंत म्हणून! थोडा उशीर झाला असता, तर जिवावर बेतलं असतं.”

दोघांनी मिळून औषधं ठरवली. पोट शांत झालं. हळूहळू बोटांत कात्रीही परत आली. पुन्हा पहिल्यांदा कात्री चालवली, त्या दिवशी मास्तर बायकोपुढे चक्क रडले.

मंडळी, डॉक्टरपासून दुखणं लपवणं म्हणजे मान राखणं नव्हे, जीव टांगणीला लावणं आहे. आणि समोरच्याला खरं सांगायची भीती वाटावी, असं आपणही वागू नये.

आता दुरुस्तीला कोट आला, की मास्तर आधी विचारतात, “यापूर्वी कुणाचा हात लागलाय? खरं सांगा, रागावणार नाही.”

आणि खरंच रागावत नाहीत. फार तर शिवण बघून नाक मुरडतात.