हळकुंडाची गाठ

आईला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण कामं ध्यानात ठेवायची तिची रीत कुणा कारकुनाला जमली नसती. पहाटे उठली की पदराला गाठी मारायची. एका टोकाला घरच्या, दुसऱ्या टोकाला शेताच्या. काम उरकलं की गाठ सोडायची. साठीनंतर डोकं दगा देऊ लागलं, तशी ती त्या गाठींवरच चालू लागली. कुरुळीतल्या बायका हसायच्या. मी पिंपरीच्या औषधाच्या कारखान्यात नवाच लागलो होतो. म्हणायचो, "आई, आमच्या फोरमनच्या फळ्यापरीस तुझा पदर पक्का."

त्या कौतुकाची आता लाज वाटते.

माझी बायको ताना भरल्या दिवसांची गरोदर होती. तिला माहेर उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण आमच्याच घरी. चाकणच्या दवाखान्यातल्या नर्सबाईनं तिला तपासलं आणि आईला बाजूला घेतलं. मूल आडवं आहे, कळा सुरू झाल्या की गाडी जुंपून तडक इकडं आणा, पोरीला सांगू नका, हाय खाईल. आईनं मलाही सांगितलं नाही. माझ्या पोटात काही राहत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं पदरात हळकुंड घालून सगळ्यात मोठी गाठ मारली आणि रोज ती चाचपत राहिली.

मंगळवारी दुपारी कळा सुरू झाल्या. मी कारखान्यात होतो. आई घाबरली आणि जन्मभर पळत आली तशी आधी सुईणीकडंच पळाली. सारजाबाई तासभर झटली, मग म्हणाली, "छबूबाई, पोर अडलीया. घरातल्या समद्या गाठी सोडा."

ही आमच्याकडची पद्धत. बाई अडली की घरात एकही गाठ ठेवायची नाही. आईनं पोत्यांची तोंडं सोडली, गाईचं दावं सोडलं, तानाची वेणी सोडली, मग स्वतःचा पदर. हळकुंड खाली पडलं तेव्हा ती थबकली. हे कशाचं? तेवढ्यात ताना ओरडली आणि आई आत धावली. गाडी अंगणातच उभी होती.

मी पोचलो तेव्हा दोघंही गेली होती, ताना आणि मूल. सवाशीण गेली म्हणून हळद-कुंकू लावायचं होतं. हळद शोधताना आईला ते हळकुंड सापडलं. ते हातात धरून तिनं मला सगळं सांगितलं.

मी वर्षभर तिच्याशी बोललो नाही. हा माझा नीचपणा. त्या वर्षात तिचं उरलंसुरलं भानही गेलं.

आता तिच्या पदराला एकच गाठ असते, आत तेच हळकुंड. ती कुणाला हात लावू देत नाही. रोज सकाळी गाठ चाचपून मला हाक मारते, "बाळाजी, ध्यानात हाय न्हवं? तानाला कळा आल्या की गाडी जुंपायची. चाकणला न्यायचं."

"व्हय आई, जुंपतो."

मग ती निर्धास्त होऊन भाकरी थापायला बसते, तिघांच्या.