ट्रॅक्टरच्या टायरचे दोन तुकडे

मी एक जुनी मोटार आहे, मित्रांनो, आणि खरं सांगते, भित्री आहे. पन्नासेक वर्षं जग पाहिलेल्या गाडीनं भ्यावं, याचं तुम्हाला नवल वाटेल. पण आधी माझं ऐकून तर घ्या!

नायगावच्या शेषेरावांच्या वडिलांनी मला हौसेनं घरी आणलं. तेव्हा माझं पेट्रोलचं इंजिन हलकं आणि शहाणं होतं. मी नवरदेव मिरवले, बाळंतिणी दवाखान्यात पोचवल्या. "गाडी असावी तर अशी!" लोक म्हणत. पुढं ते इंजिन थकलं. मग कितीतरी वर्षं मी गोठ्याशेजारी कडब्याखाली पडून होते. कोंबड्या माझ्या सीटवर अंडी घालायच्या. कुणाला सांगणार?

मागच्या वर्षी शेषेरावांनी मला भंगारातल्या जीपचं डिझेल इंजिन बसवलं. काय आनंद झाला म्हणून सांगू! पण ते मेलं भलतंच जड. माझं नाक खाली वाकलं. बैलगाडी पुढून जड झाली तर शेतकरी ओझं मागं सरकवतो. शेषेरावांना हे का सुचलं नाही, देव जाणे. त्यांनी ट्रॅक्टरच्या जुन्या टायरचे दोन तुकडे कापले आणि माझ्या पुढच्या स्प्रिंगांखाली ठोकून बसवले. नाक वर आलं. "मिस्त्री कशाला पाहिजे?" म्हणत त्यांनी मिशीवर ताव दिला. आत मात्र चाकं वळवणारे दांडे तिरपे झाले होते. खड्डा आला की स्टिअरिंग न फिरवताच माझं चाक वळायचं.

एकदा मन्याड नदीच्या पुलावर गचका बसला आणि मी थेट कठड्याकडे धावले. मला जायचं नव्हतं हो! खाली पाणी दिसलं. शेषेरावांनी दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, म्हणून वाचलो. घरी सिंधुताईंनी नवऱ्याला विचारलं, "तोंड का उतरलंय?"

"काई न्हाई. ऊन लई हाय."

आठ दिवसांनी सिंधुताईंना डोळ्याच्या ऑपरेशनसाठी नांदेडला जायचं होतं. शेषेराव हरभऱ्याच्या राशीत गुंतलेले. "मीच नेते आईला," लेक तनुजा म्हणाली. तिला लायसन्स मिळून महिनाही झाला नव्हता. मी सुरूच होऊ नये म्हणून देवाला विनवलं. तिनं चावी फिरवली, आणि ते मेलं इंजिन एका झटक्यात सुरू झालं! सिंधुताईंनी मागं डबा ठेवला, दार लावलं. मी भीतीनं थरथरत होते, आणि तनुजा म्हणाली, "डिझेलची गाडी आहे, थरथरणारच."

माझा आवाज ऐकून शेषेराव खळ्यावरून धावत फाटकापाशी आडवे आले. बॉनेटवर दोन्ही हात टेकून ओरडले, "उतरा! दोघीबी उतरा!"

"काय झालं, अप्पा?"

"ही कठड्याकडं गेली व्हती, पुलावर. ते रबर म्याच बसवलं. लोक हसतील म्हणून बोललो न्हाई."

सिंधुताई उतरल्या. नवऱ्याकडे न बघता डबा घेऊन लेकीसोबत एसटीला गेल्या.

मला टेम्पोत घालून नांदेडला ताहेर मिस्त्रींकडे नेलं. ते खाली वाकून बघत राहिले. "शेषेरावभाऊ, नाक उचललं तुम्ही, वजन तिथंच राह्यलं की!" त्यांनी रबर काढलं, इंजिन वीतभर मागं घेऊन खाली बसवलं, वजनाला पेलतील अशा स्प्रिंगा घातल्या, दांडे सरळ केले, झिजलेले सांधे बदलले. तीन दिवस लागले.

चौथ्या दिवशी मी दवाखान्यासमोर उभी राहिले. डोळ्याला हिरवी पट्टी लावून सिंधुताई आल्या. शेषेरावांनी लगबगीनं दार उघडलं. त्या बसल्या नाहीत.

"गाडीला तोंड न्हाई," त्या म्हणाल्या, "तुमाला तर हाय की."

शेषेराव दार धरून उभेच राहिले. बऱ्याच वेळानं त्या आत बसल्या.

मित्रांनो, आता माझं चाक सरळ चालतं, तरी मी भिते. कारण कुणाच्याही अंगणात माझ्यासारखी एखादी उभी असेल. तिचं चाक एका बाजूला ओढू लागलं, नाक वाकलं, तर लपवू नका. त्याच दिवशी सांगा. लोक हसतील, हसू द्या.