पुढे कोण चालणार

दवाखान्यातून फोन आला तेव्हा शिंपी मशीनवर बसला होता. बायको गेल्याचं कळलं, आणि त्या दिवसापासून त्याचं बूड एका जागी टेकेना. दोघांनी चढायचं ठरवलेल्या उंच डोंगराकडे तो शेवटी मेहुणीला सोबत घेऊन निघाला.

"भावजी, पायाला भिंगरी लागलीय का? डोंगर पळून जाणार आहे?" मेहुणी मागून ओरडायची. तो चार पावलं हळू टाकायचा आणि पुन्हा सुटायचा.

शिखर तासाभरावर असताना ती मटकन खडकावर बसली. चेहरा पांढराफटक पडला होता. तेव्हा त्याला उमगलं, की तीस वर्षं डोंगरात बायकोच पुढे चालायची आणि तो तिच्या चालीने मागून जायचा. पुढे कसं चालायचं, हे तो कधी शिकलाच नव्हता.

"तुम्ही या जाऊन. मी बसते इथेच."

"तुला काही झालं तर तुझ्या ताईला काय सांगू?"

"सांगा तिला, 'माझ्यामागे धावून धावून मेली' म्हणून."

तो उठला, वर बघून बसला, पुन्हा उठला. मग तिची पिशवी खांद्याला लावून त्याने खाली उतरायला तिला पुढे घातलं. तरी उतरताना दोनदा तिच्या टाचेवर त्याचा पाय पडलाच.

शिखर चढायचं अजून राहिलं आहे.